चिंधी बांधलेले वेल

मावशीकडची शाळा चांगली आहे म्हणून तुला तिकडे पाठवतोय, असं आईने सांगितलं होतं. खरं कारण मला तिकडे गेल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं. मावशीची सासू विहिरीवर शेजारणीला सांगत होती, "पोर घरात हिंडलं-फिरलं का कूस उजवते म्हणतात. म्हणून हिला आणलीय. बघू आता." मी दोन पावलांवर कळशी धरून उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं, पण आवाज खाली केला नाही. मी तेरा वर्षांची होते आणि आमच्या घरी पाच भावंडांत तिसरी. तिसऱ्या मुलीची उणीव घराला फारशी भासत नाही, हे तेव्हाही माझ्या लक्षात आलं होतं. तरी आपण कोणत्या कामासाठी आलो आहोत हे कळल्यावर मला फार एकटं वाटलं. भरलेली कळशी घेऊन चढ चढताना मी समुद्राचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होते. तो तिथे कसा येणार?

आमचं घर डहाणूच्या किनाऱ्याला, वाढवणच्या अलीकडच्या एका गावात. तिथे दिवसरात्र लाटांचा आवाज कानात असायचा आणि अंगणात बोंबील सुकत असायचे. मावशीचं गाव तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. तलासरीपर्यंत एसटी, पुढे जीप, आणि जीप जिथे हात टेकायची तिथून पाऊण तास पायी. घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणाने सारवलेल्या, पुढे-मागे पडवी. भात आणि नाचणी घरची. जेवणात नाचणीची भाकरी, उडदाची आमटी, आणि आईने पाठवलेला सुका जवळा असेल तोवर जवळा. तो संपला की मावशी रिकाम्या डब्याचं झाकण उघडून नुसता वास घ्यायची आणि मला म्हणायची, "ये, तू पण घे." आम्ही दोघी किनाऱ्याच्या लेकी तो वास घेऊन जेवायला बसायचो. वारा पश्चिमेचा असला की महामार्गावरच्या अच्छाड नाक्याजवळच्या ट्रकांचे हॉर्न ऐकू यायचे. भातकापणी झाली की काका तिथेच माल उतरवायला जात.

काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांच्याइतका कमी बोलणारा माणूस मी नंतरही पाहिला नाही. घरात बोलायची ती त्यांची आई. तिला सगळं गाव बय म्हणायचं, म्हणून मीही बय म्हणू लागले. बय दुष्ट होती असं मला आता वाटत नाही. तिला नातवंड हवं होतं आणि ते कुठून येतं याबद्दल तिची समजूत पक्की होती: जमिनीतून. बी कधी चुकत नाही, चुकते ती जमीन. मावशीच्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती. दर महिन्याला मावशी मागच्या पडवीत वेगळी बसली की घराला सुतक आल्यासारखं व्हायचं. बय तिच्यासमोर ताट आपटून ठेवायची आणि दिवसभर भांड्यांशी भांडायची. मावशीच्या पाळीची तारीख शेजारपाजारच्या बायकांनाही पाठ होती. कुणाच्या शरीरावर सगळ्या वस्तीने अशी पाळत ठेवणं किती क्रूर असतं, हे मला पुढे फार उशिरा कळलं. तेव्हा मला फक्त बयची भीती वाटायची.

घरामागे मावशीचा कंटोलीचा मांडव होता. कंटोली म्हणजे ती पावसाळ्यातली काटेरी अंगाची, लिंबाएवढी हिरवी फळभाजी. आता डहाणूच्या बाजारात वाटे लावून विकतात आणि भाव ऐकून मी पुढे जाते. ती डोंगरात आपोआप उगवते. जमिनीत कंद असतो, पाऊस लागला की त्यातून वेल फुटतो. श्रावणात बायका टोळीने कंटोली काढायला डोंगरात जायच्या, पण सकाळी निघताना मावशी समोर आली तर त्यांची तोंडं उतरायची. एकदा एकीने तोंडावर सांगितलं, "तू मागून ये गं." मी यायच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट; तेव्हाच मावशीने ठरवलं की आपण आपल्या दारातच मांडव घालायचा. डोंगरात फळांनी लगडलेला वेल दिसला की त्याच्या आधाराच्या झुडपाला ती लुगड्याची चिंधी बांधून ठेवायची. वेल सुकून गेले की चिंधी बघून कंद खणायचा आणि घरामागे लावायचा. निवड अगदी शहाणपणाची होती, सगळ्यात जास्त धरणारे वेलच तिने आणले होते. ते दर वर्षी जोरात वाढायचे, फिकट पिवळ्या फुलांनी भरायचे, आणि एकही फळ धरायचे नाहीत. फुलाखाली बोटाच्या पेराहून लहान, लव असलेलं कंटोलं दिसायचं, चार दिवसांत पिवळं पडून गळायचं. मावशी ती गळलेली वेचून ओच्यात घ्यायची. बय म्हणायची, "हिच्या हाताला लागलं ते असंच जायचं." आणि गावाला ते पटायचं, कारण पुरावाच मांडवावर टांगलेला होता.

कुंपणात एक वेल मात्र आपोआप यायचा. त्याला फुलं खूप, पण फुलाखाली ते लहानगं कंटोलं नसायचंच. अशा वेलाला आमच्याकडे वांझ कंटोली म्हणतात. डोंगरात तो भरपूर असतो, कुणी त्याच्याकडे बघतही नाही. बयला मात्र तो दारात नको असायचा. "घरात एक हाय तेवढी पुरे," असं म्हणून ती काकांकडून तो दर वर्षी उपटून घ्यायची. काका मुकाट्याने उपटायचे. मावशी तेव्हा चुलीपाशी काहीतरी काम काढून बसायची.

शाळा दीड तासाच्या वाटेवर होती. वर्गात आम्ही चार मुली. विज्ञानाच्या सरांनी वनस्पतींचं प्रजनन फार मन लावून शिकवलं. जास्वंदीचं फूल ब्लेडने उभं चिरून दाखवलं, परागकण बोटावर घेऊन प्रत्येकाच्या वहीवर उमटवले. काही झाडांत नरफुलं एका झाडावर आणि मादीफुलं दुसऱ्या झाडावर असतात, असं ते सांगत होते आणि माझं लक्ष एकदम मावशीच्या मांडवावर गेलं. मी मनात दोन्ही वेलांची फुलं शेजारी ठेवून पाहिली. एकाखाली लहान कंटोलं, दुसऱ्याखाली काही नाही, नुसती पिवळी धूळ. पुढचं पान उलटलं तर माणसांचं प्रजनन होतं, दोन आकृत्या होत्या. मुलगे खिदळायला लागले. सरांनी पुस्तक मिटलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हा भाग घरी वाचा. परीक्षेला येत नाही." ज्या माणसाला फूल चिरताना इतका आनंद होत होता, त्याचा चेहरा त्या क्षणी अगदी परका झाला.

त्याच संध्याकाळी परतीच्या वाटेवर मी डोंगराच्या कडेची वांझ कंटोलीची फुलं परकराच्या ओच्यात भरून आणली. ही फुलं संध्याकाळी उमलतात. दिवेलागणीला बय देवापाशी होती, मावशी गोठ्यात. मी मांडवाखाली जाऊन एकेक मादीफूल हातात घेतलं आणि त्याच्या आत नरफूल हलकेच फिरवलं. असं मी आठ-दहा दिवस केलं, कुणाला न सांगता. पहिली कंटोली गळली नाहीत. ती फुगली, हिरवी झाली, काटे धरू लागली. मावशीला आधी विश्वास बसेना. ती दिवसातून चार वेळा मांडवाखाली जाऊन बोटाने चाचपून यायची. पहिल्या खेपेला अकरा निघाली. तिने ती जवळा घालून परतली आणि सगळ्यात आधी काकांच्या ताटात वाढली.

मी खूश होते, पण पुढे जे झालं ते माझ्या हिशोबात नव्हतं. बयने दोन कंटोली देवापुढे ठेवली आणि वस्तीभर सांगितलं की सुनेचा हात उजवला. त्याच महिन्यात काकांसाठी दुसरी बायको बघायचं बोलणं चाललं होतं, मुलगीही हेरून ठेवली होती. बयने ते बोलणं थांबवलं. "शिमग्यापर्यंत बघू," ती म्हणाली. "वेलानं धरलं, आता ही पण धरेल." मावशीला तूप मिळायला लागलं. बायका तिला कंटोली काढायला बरोबर नेऊ लागल्या. आणि सगळ्या घरात मला एकटीला ठाऊक होतं की तिच्या हाताचा यात काहीच संबंध नाही. मी कुणालाच काही सांगू शकत नव्हते. सांगितलं तर मावशीचे चार सुखाचे महिने जात होते, नाही सांगितलं तर शिमगा येतच होता.

दिवाळीनंतर मलाही पाळी आली. मावशीने जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा फाडून दिला, कसा घ्यायचा ते दाखवलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून नुसती बसून राहिली. पुढच्या महिन्यात आमच्या दोघींच्या तारखा एक झाल्या. बयने ताटं आपटली, पण या वेळी दोन. मागच्या पडवीतले ते चार दिवस माझ्या त्या वर्षातले सगळ्यात चांगले. काम नाही, पाणी भरायचं नाही, गोणपाटावर बसून समोरच्या डोंगरावरचं ऊन सरकताना बघायचं. वेगळं बसणं ही शिक्षा असते असं मी आयुष्यभर विद्यार्थिनींना सांगत आले, आणि ते खरंच आहे. पण मला विचाराल तर त्या घरात मला माणूस मिळालं ते तिथेच. दुसऱ्या दिवशी मी मावशीला फुलांचं खरं सांगून टाकलं.

"म्हणजे तो वांझ वेल, तो बाप्या होता?" तिने विचारलं.

"हो."

"आन आम्ही तोच उपटत होतो." ती हसली, पण ते हसू मला बघवलं नाही. मग म्हणाली, "माणसाचं पण हाय का पुस्तकात?"

दुपारी बय शेतावर गेली तेव्हा मी घरात शिरून पुस्तक आणलं. वर्तमानपत्राचं वेष्टण घातलेलं होतं, तरी मी ते ओच्याखाली लपवून आणलं. मावशीला अक्षरओळख नव्हती. मी वाचत गेले. पुस्तकातले शब्द तिला कळणार नाहीत म्हणून मी ते माझ्या मनाने सोपे करत होते. शुक्राणूला मी 'बाप्याचं बी' म्हटलं आणि स्त्रीबीजाला 'बाईचं बी'. दोन्ही भेटल्याशिवाय गर्भ राहत नाही, आणि दोहोंपैकी कुणातही उणं असू शकतं, इथवर आले तेव्हा तिने मला थांबवलं. "हे परत वाच." मी परत वाचलं. उरलेले दिवस ती तेच वाचायला लावत होती. शेवटी म्हणाली, "कुणाला सांगू नको. त्यांना सोसायचं नाय." त्यांना म्हणजे काकांना.

शिमग्याच्या दोन दिवस आधी काकांचे चुलते आणि मुलीकडचे दोघे आले. कोरा चहा झाला. बय म्हणाली, आठ वर्षं वाट बघितली, आता नाही. काका जमिनीकडे बघत होते. मावशी कुडाच्या आड उभी होती आणि तिने तोंडात पदर कोंबला होता. मला ते सहन झालं नाही. मी मध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मावशीचं काही चुकलेलं नाही. आधी काकांना कासा गावच्या सरकारी दवाखान्यात तपासून आणा. दोष पुरुषातही असतो, पुस्तकात आहे." कंटोलीचंही सगळं सांगितलं, कुणाची फुलं कुणाला लावली ते. काकांनी मान वर केली नाही. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले, आणि आपण काय केलं हे तेव्हा मला कळलं.

बयने कुडाकडे तोंड करून विचारलं, "तू शिकवलंस हिला हे?"

मावशी बाहेर आली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मी कशाला शिकवू? पोर घाणेरडी पुस्तकं वाचते. हिला घरी पाठवा."

दुसऱ्या दिवशी पहाटे काकांनी मला जीपपर्यंत पोचवलं. जीप सुटताना त्यांनी माझ्या हातात खाऊचा पुडा दिला आणि मला रडू फुटलं. डहाणूला घरी माझ्या झोपायच्या जागेवर धाकटा भाऊ झोपत होता, त्याला उठवायचं कुणाला सुचलं नाही. मी ओट्यावर अंथरूण घातलं. लाटांचा आवाज होता तसाच होता, पण आता त्याने झोप येईना. पिशवी उपसताना विज्ञानाचं पुस्तक काढलं तर त्यातलं एक पान फाडलेलं. तेच पान, आकृत्यांचं. मावशीने ते चुलीत घातलं असणार, याबद्दल मला शंका उरली नाही. दोन महिन्यांनी काकांचं दुसरं लग्न झालं. मुलीचं नाव वेणू.

मी पुढे शिकले, आणि आता हसू येतं, पण विज्ञानाचीच शिक्षिका झाले. पहिली दोन वर्षं तो धडा आला की मीही पुस्तक मिटून म्हणायचे, "घरी वाचा." पन्नास मुलांसमोर मला कुडाआडून मावशी बाहेर येताना दिसायची. तिसऱ्या वर्षी एका मुलीने विचारलं, "घरी कुणाला विचारायचं बाई?" त्यानंतर मी तो धडा कधी सोडला नाही. लग्न मात्र केलं नाही. लोक कारण विचारतात आणि मी काहीतरी सांगते. मावशीकडे मी पुन्हा गेले नाही. एकदोनदा तिचा निरोप आला, मी उत्तर दिलं नाही. ज्या एका माणसासाठी मी तोंड उघडलं, त्यानेच मला खोटं पाडलं, हे मी अनेक वर्षं उराशी धरून बसले. माणूस एकटा राहिला की रागही जपून वापरतो, संपू देत नाही.

गेल्या श्रावणात मावशी गेली. काका आणि बय आधीच गेले होते. बाराव्याला मी गेले ते भाऊ म्हणाला म्हणून. आता जीप थेट दारात जाते. वेणू पासष्टीची झाली आहे. तिने मला हाताला धरून मागे नेलं. मांडव होता, फळांनी लवलेला. कुंपणाच्या बाजूचा वांझ वेलही होता, चांगला जाडजूड, आणि त्याच्या खुंटाला लुगड्याची चिंधी बांधलेली होती.

"ती बांधायची दर वर्षी," वेणू म्हणाली. "कुणी उपटू नये म्हणून."

तिथेच दगडावर बसून तिने बाकीचं सांगितलं. लग्नाला तीन वर्षं झाली, वेणूलाही काही झालं नाही. बय तिच्यासमोरही ताट आपटायला लागली आणि तिसरी आणायचं बोलणं काढलं. त्या दिवशी मावशी कुडाच्या आड गेली नाही. ती सगळ्यांसमोर बसली आणि म्हणाली, आधी यांना कासाला नेते, मग बोला. स्वतः काकांना घेऊन गेली. तिथून डहाणूला पाठवलं, तिथेही गेली. उणं काकांत होतं ते कळलं. महिनाभराने एका सकाळी काकांनी डोंगरातून वांझ वेलाचा कंद खणून आणला आणि आपल्या हाताने कुंपणाला लावला. त्या घरात पुन्हा कुणी ताट आपटलं नाही.

"मी तिला विचारलं होतं," वेणू म्हणाली, "तेव्हा का नाय बोललीस, तुझी भाची बोलली तेव्हा? तर म्हणाली, माझ्यासाठी मना बोलता येत नव्हतं गं. तुझ्यासाठी आलं. आन म्हणाली, त्या पोरीला मी लय वाईट बोलले."

तिने आतून पत्र्याची पेटी आणली. लुगड्यांच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत ते पान होतं, घड्यांवर जीर्ण झालेलं, कडेला हळदीचा डाग.

"पडवीत बसलो का ती हे हातात घेऊन मना वाचून दाखवायची," वेणू म्हणाली. "मना वाटायचं तिला वाचता येतं. नंतर कळलं, पाठ हाय. आता तू वाच. खरं काय लिहिलंय ते मना बघायचं हाय."

मी चष्मा लावून वाचायला लागले. पहिलं वाक्य झालं. दुसऱ्या वाक्यात शुक्राणू शब्द होता. मी तो उच्चारणार तोच वेणू डोळे मिटून, शाळेतल्या मुलीसारखं हेल काढत म्हणाली, "बाप्याचं बी आन बाईचं बी, दोन्ही भेटल्याशिवाय..."

मी पान खाली ठेवलं आणि ती म्हणत होती ते शेवटपर्यंत ऐकलं.